लिथियमची दुपारची गोळी न दिल्याबाबत खुलासा

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
ग्रामीण रुग्णालय, मोहटेक,
ता. धरणगाव, जि. जळगाव.

विषय : रुग्ण नथ्थू कौतिक महाजन यांना लिथियमची गोळी न दिल्याबद्दल खुलासा व माफी मागण्यास नकार.

संदर्भ : आपली कारणे दाखवा नोटीस, जा. क्र. आस्था/११८, दि. १९ मे २०२५.

महोदय,

नोटिशीत नाव न घेता 'सदर कर्मचारी' असे म्हटले आहे. म्हणून हा खुलासाही त्याच रीतीने, 'अर्जदार' या शब्दाने सादर आहे.

१. अर्जदार प्रज्ञा राजदीप तायडे ही आपल्या रुग्णालयात अधिपरिचारिका असून तिची सेवा चौदा वर्षे झाली आहे. त्यांपैकी पाच वर्षे तिने धुळ्यात मनोरुग्ण कक्षात काढली.

२. रुग्ण नथ्थू महाजन हे गवंडी आहेत. अकरा वर्षांपूर्वी मानसिक आजाराच्या भरात ते घर सोडून तीन दिवस पायी चालत राहिले होते. लिथियम सुरू झाल्यापासून त्यांनी एकही दिवस काम चुकवलेले नाही. गावच्या शाळेच्या दोन खोल्या त्यांनी बांधल्या आहेत. हे केसपेपरवर नाही. तेथे नावापुढे फक्त 'मनोरुग्ण' असे लिहिले आहे.

३. दि. १४ मे रोजी सकाळी ते उलट्या-जुलाबासाठी दाखल झाले. ऊन लागले असे ठरले. सलाईन लागली आणि 'घरची औषधे चालू ठेवणे' असा शेरा पडला. दुपारी दोन वाजता अर्जदार गोळी घेऊन गेली, तेव्हा पेल्यातले निम्मे पाणी त्यांच्या हातून छातीवर सांडले. जीभ जड झाली होती. उभे केले तर पाय फाकून भिंत धरू लागले. त्यांच्या पत्नी ताईबाई म्हणाल्या, "ताई, याना हात कधीच थरथरत नही. ओळंबा धरनारा माणूस शे हाऊ."

४. अर्जदाराने गोळी परत डबीत ठेवली. लिथियम हे शरीरातल्या मिठापाण्यावर तोललेले औषध आहे. मीठपाणी कमी झाले की ते लघवीवाटे बाहेर पडत नाही, रक्तात साठते आणि रोजचीच गोळी विष होते. अर्जदाराने ताईबाईंना खाण्यापिण्याबद्दल विचारले. आठ दिवसांपूर्वी आपल्याच बाह्यरुग्ण विभागात नथ्थू महाजनांचा रक्तदाब वाढलेला आढळल्याने मीठ बंद करण्यास सांगितले होते आणि गुडघ्यासाठी वेदनाशामक गोळ्या दिल्या होत्या. त्या गोळ्यांनीही लिथियम रक्तात वाढते. ताईबाई म्हणाल्या, "डॉक्टरनी सांगं, म्हनीसन मी बठ्ठं मीठच बंद करी टाकं." सांगितले ते त्या बाईने तंतोतंत पाळले. घरी लिथियम चालू आहे का, हे तिला कोणी विचारले नव्हते.

५. ड्यूटीवरील डॉक्टर शवविच्छेदनासाठी बाहेर असल्याने अर्जदाराने आपणास फोन केला. आपण म्हणालात, "सिस्टर, वेड्याची गोळी चुकली तर तो वॉर्ड डोक्यावर घेईल. द्या आणि सही करा." अर्जदाराने लक्षणे पुन्हा सांगितली. आपण म्हणालात, "डॉक्टर कोण आहे?" आणि फोन ठेवला. अर्जदाराला त्या वेळी भीती वाटली, हे ती लपवीत नाही. नोकरी जाईल असेही वाटले. तरी तिने 'डोस रोखला' असे वेळेसह लिहून सही केली, १०८ ला फोन लावला आणि रुग्णास जळगावी पाठविले. सोबतच्या चिठ्ठीवर लाल शाईने 'लिथियम, विषबाधेचा संशय' एवढेच लिहिले.

६. जळगावच्या तपासणीत रक्तातील लिथियम २.८ निघाले. ते एकच्या आसपास असावे लागते. त्याच संध्याकाळी डायलिसिस झाले, दुसऱ्या दिवशी पुन्हा झाले. सातव्या दिवशी नथ्थू महाजन चालत घरी आले. कमी केलेला डोस आता जळगावचे मानसोपचारतज्ज्ञ पाहत आहेत.

७. आपल्या नोटिशीत तीन आरोप आहेत. पहिला, तोंडी आदेशाचा अवमान. तो झाला आहे आणि अर्जदारास मान्य आहे. दुसरा, डॉक्टरच्या सहीविना रुग्ण पाठविला. सही करणारे कोणी इमारतीत नव्हते. रुग्णाने सहीची वाट पाहावी असा नियम असल्यास तो दाखवावा. तिसरा, 'नातेवाइकांशी अहिराणीत औषधविषयक चर्चा करून रुग्णालयाची प्रतिमा मलिन केली.' ताईबाईंना अहिराणीच येते. मीठ बंद झाल्याचे त्याच भाषेत कळले. अर्जदार मराठीत विचारत बसली असती तर नथ्थू महाजनांचे काय झाले असते, ते आपणच ठरवावे.

८. आस्थापना लिपिक तोताराम भाऊ यांनी आपल्या सांगण्यावरून माफीनाम्याचा छापील नमुना दिला आणि हळूच म्हणाले, "ताई, सही करी टाका, भानगड मिटी जाई." त्यांचा हेतू चांगला होता. पण त्या नमुन्यात 'यापुढे असे होणार नाही' असे एक वाक्य आहे. ते खोटे आहे. यापुढेही असेच होईल.

९. सबब अर्जदाराची विनंती दोनच गोष्टींची आहे. हा खुलासा शब्दही न बदलता तिच्या सेवापुस्तकास जोडावा. आणि विषबाधेची लक्षणे समोर दिसत असतानाही परिचारिकेने गोळी द्यावी, असे आपले मत कायम असेल, तर तसा आदेश आपल्या नावानिशी, सहीशिक्क्यासह लेखी द्यावा. अर्जदार तो वॉर्डच्या दारावर लावील आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना अहिराणीत वाचून दाखवील. तो आदेश हाती येईपर्यंत अर्जदार गोळी देण्याआधी रुग्णाकडे पाहील, आणि पटले नाही तर देणार नाही.

कर्तव्यावर हजर,

प्रज्ञा राजदीप तायडे
अधिपरिचारिका, पुरुष कक्ष

मोहटेक, दि. २६ मे २०२५

सोबत : १) दि. १४ मेच्या औषध नोंदीची प्रत. २) जळगावच्या रक्त तपासणी अहवालाची प्रत. ३) ताईबाई नथ्थू महाजन यांचा जबाब, अहिराणीत, अंगठ्यासह.