इम्पालातलं डिझेल

३ एप्रिल १९८६
इम्पालात डिझेल! पेट्रोलवर होती तेव्हा ही गाडी चालू आहे की बंद, हे लोक बॉनेटला हात लावून बघायचे. आज बाजारातून नेली, तर दुकानातली माणसं बाहेर आली — ट्रॅक्टर आला म्हणून! दूध संघाचे चेअरमन वीरप्पाअण्णा मागं बसून खूश. "लिंबाजी, पेट्रोल परवडत न्हाय बघ. आवाजाचं काय, गाडीत झोपायचंय व्हय?"
मी ड्रायव्हर. गिअर टाकला.

५ एप्रिल
स्टिअरिंग थरथरतं. घरी आलो तरी हात थरथरतात. सोलापूरचे पाहुणे काच खाली करून म्हणाले, "अण्णा, पिठाची गिरणी केवढ्याला घेतली?" अण्णा हसले. लाज मला वाटली.

६ एप्रिल
मेकॅनिक शांतलिंगला शिव्या दिल्या. "मला कशाला बोलतो? अण्णांनी जे इंजिन आणून दिलं ते बसवलं."

८ एप्रिल
पाणी आजही नाही. दूध संघाची मॅटेडोर गाडी सकाळी दूध न्यायची, दुपारी त्याच कॅनमधून आमच्या वस्तीला पाणी आणायची. विहीर आटल्यापासून तेवढंच पाणी. आता तीच येत नाही. बायको चांगुणा तेरणा नदीच्या कोरड्या पात्रात वाळूत झिरा खणून अर्धा हंडा घेऊन आली. जेवताना मी इम्पालाचं गाऱ्हाणं लावलं. तिनं भाकरी वाढली.
"तुमच्या गाडीचं दुखणं लई झालं. आमची गाडी कुठं गेली, इचारलं का कुणाला?"

९ एप्रिल
संघाच्या शेडमध्ये गेलो. मॅटेडोर उभी होती. सीटजवळचं झाकण उचललं. आत इंजिन नाही — खालची जमीन दिसली.
मॅटेडोरचं इंजिन इम्पालात का घातलं, अण्णांना विचारलं.
"दूधच न्हाय, तर मॅटेडोर कशाला? पाणी वाटणं संघाचं काम हाय व्हय? उद्या मंत्री येणार. उस्मानाबादला जायचंय. गाडी धुऊन ठेव, दोन बादल्या पुरतील."
दोन बादल्या! चाकांना!
इतके दिवस मी गाडीच्या इभ्रतीसाठी चिडत होतो. वस्तीचं पाणी मीच पायाखाली घेऊन फिरवत होतो. थूः!

१० एप्रिल
उस्मानाबादला गेलो नाही. मागची सीट काढून अण्णांच्या ओट्यावर ठेवली. संघाच्या बोअरवर कॅन भरले, इम्पालात घातले. वस्ती अजून लांब होती. मॅटेडोरचा आवाज ओळखून बायका हंडे घेऊन रस्त्यावर आल्या होत्या.