महादेवाची बिट्टी

प्रिय ताई,

आज सकाळी वाघोलीहून इराचा फोन आला. "मंदाआजी, मला मऊ भात नकोय, मला पाणीपुरी पाहिजे," एवढंच म्हणाली. मी हसले, फोन ठेवला आणि तिथेच जमिनीवर बसले. भिंतीला धरूनही उठता येईना. सगळं निभावून गेल्यावर भीती अशी मागाहून येते का गं?

आणि ती सांगू कुणाला? तुझ्या केतकीला सांगायची सोय नाही, तीच अजून इराला कुशीतून सोडत नाही. तू असतीस तर "भित्री भागूबाई!" म्हणून आधी हसली असतीस आणि मग चहा टाकला असतास. म्हणून तुलाच लिहितेय. शिवाय तुला हे कळायलाच हवं. कारण जे झालं ते तुझ्या बागेत झालं.

तुझी बाग म्हणजे आपल्या सोसायटीच्या कुंपणालगतची ती चिंचोळी पट्टी. बिबवेवाडीत इमारतींच्या मध्ये तेवढीच माती उरते, आणि तीही लोक स्कूटर लावायला मागतात. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालीस ती थेट त्या पट्टीत उतरलीस. जास्वंद, तगर, अबोली, गुलबक्षी, पांढरा चाफा. वरच्या मजल्यावरून मी हाक मारायचे, तू मातीचे हात वर करून "आले, आले" म्हणायचीस आणि यायची मात्र नाहीस.

प्रत्येक झाडाची कुळकथा तुला पाठ! एकदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपण मार्केट यार्डात झेंडू आणायला गेलो होतो. फुलांचे ढीगच्या ढीग, पाय ठेवायला जागा नाही, आणि तू त्या विकणाऱ्या बाईंना सांगत बसलीस, "हे फूल मूळचं आपलं नाही हो. मेक्सिकोतलं. पोर्तुगिजांच्या काळात जहाजातून आलं. तिकडे माणसं हे मेलेल्यांसाठी मांडतात. त्यांना वाट सापडावी, वर्षातून एकदा घरी येता यावं म्हणून."

त्या म्हणाल्या, "आमच्याकडं दसऱ्याला दाराला लावत्यात. घेताय का?"

तू पोट धरून हसलीस. मला मात्र रिक्षात मांडीवरची ती पिशवी जड वाटायला लागली. मेलेल्यांना वाट दाखवणारं फूल आपण दाराला बांधायचं? तू म्हणालीस, "अगं, फुलाला काही माहीत नसतं. अर्थ आपण चिकटवतो. गुलबक्षी दक्षिण अमेरिकेतली, गुलछडी मेक्सिकोतली, पांढरा चाफाही तिकडचाच. पानं झडली तरी फुलतो, म्हणून कुणी तो देवळापाशी लावला, कुणी कबरीपाशी. चाफ्याला काय त्याचं!"

तुला ह्या अर्थांची भीती कधीच वाटली नाही. मुलीचं नाव केतकी ठेवलंस तेव्हा आईने कपाळाला हात लावला होता. केतकीच्या फुलाने महादेवासमोर खोटी साक्ष दिली, म्हणून ते फूल त्याच्या पूजेला चालत नाही. "एका खोट्यापायी तिला एवढी शिक्षा पुरे झाली," तू म्हणालीस आणि पाळण्यात तेच नाव ठेवलंस.

मग महादेवाला काय चालतं? धोत्रा, रुई, कण्हेर. सगळी विषारी मंडळी. त्याचाही अर्थ तू लावायचीस. "ज्याने हलाहल पचवलं त्याला आपण आपल्या दारातलं विष नेऊन देतो. हे तुझं, आमच्यापासून लांब ठेव, असं सांगायची ती रीत आहे." किती छान वाटायचं ऐकायला!

आणि म्हणून तू कोपऱ्यात बिट्टी लावलीस. पिवळी कण्हेर. श्रावणी सोमवारी कोपऱ्यावरच्या देवळात ओंजळभर फुलं नेता यावीत म्हणून. मी तेव्हाच म्हटलं होतं, "ताई, इथे मुलं खेळतात गं." तू म्हणालीस, "मुलांना नीट सांगितलं की मुलं ऐकतात. मोठ्यांचंच काही खरं नसतं."

तू सांगितलंस, हे मी कशाला नाकारू? इराला कडेवर घेऊन त्या झाडाखाली उभी असायचीस. पिवळं फूल तिच्या कानावर खोवायचीस, लगेच काढायचीस आणि म्हणायचीस, "हे आपलं नाही हं. हा महादेवाचा खाऊ."

खाऊ! ताई, दुसरा शब्द नव्हता का गं?

शाळेला सुट्टी लागली तशी केतकी रोज इराला माझ्याकडे सोडून कामाला जायची. त्या दुपारी इरा आणि खालच्या मजल्यावरची सई बागेत भातुकली मांडून बसल्या होत्या. मी कणीक मळता मळता खिडकीतून बघत होते. दगडाने काहीतरी ठेचल्याचा आवाज येत होता. मला वाटलं, देशी बदाम फोडताहेत. आपणही फोडायचो.

थोड्या वेळाने सई जिना चढून आली. "आजी, इराला उलटी झाली."

खाली गेले. इरा चाफ्याला टेकून बसली होती, ओठ पांढरे. समोर प्लॅस्टिकची ताटली, तिच्यात बिट्टीची टणक काळी कवचं, फुटलेली. आतला पांढरा गर, त्यातला एक अर्धवट चावलेला. मी तो पाहिला आणि ओळखला. तूच एकदा तळहातावर घेऊन मला दाखवलं होतंस ना? "बघ मंदे, एवढंसं बी, पण हृदय थांबवतं."

"इरा, हे खाल्लंस?"

"कडू होतं. मग थुंकलं."

"सगळं थुंकलंस?"

तिने मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. ताई, त्या हललेल्या मानेचा अर्थ मी अजून लावतेय.

ताटलीतलं सगळं पदरात बांधलं, सईला "तू खाल्लंस का?" विचारलं, ती रडत "नाही, नाही" म्हणाली, तरी तिच्या आईला हाक मारून तिलाही बरोबर घेतलं. रिक्षावाल्याने विचारलं, "काय झालं, मावशी?" मी म्हटलं, "पोरीने विषारी बी खाल्लंय." त्याने मीटर पाडला नाही, वळून पाहिलं नाही, हॉर्नवरचा हात काढला नाही. इरा माझ्या मांडीवर पुन्हा ओकली. तिचं मनगट धरून मी नाडी शोधत होते. सापडायची, पुन्हा हरवायची.

दवाखान्यातली डॉक्टर अगदी तरुण होती. "काकू, काय खाल्लंय नक्की? शुअर आहात?"

मी पदराची गाठ सोडून तिच्या टेबलावर ओतली. "बिट्टी. पिवळी कण्हेर. किती ते माहीत नाही."

तिचा चेहरा बदललेला मी पाहिला. मग त्यांनी मला विचारायचंच सोडलं. इराच्या छातीवर वायरी लावल्या, नळीतून काळं औषध पोटात घातलं. सईला काही झालं नव्हतं, तरी तिलाही बसवून ठेवलं. पडद्यावर हिरवी रेघ उड्या मारायची, मध्येच थबकायची. ती थबकली की मी श्वास घ्यायची थांबायचे. डॉक्टर नर्सला हळूच म्हणाली, "ठोके फार कमी पडताहेत, इंजेक्शन तयार ठेवा." हळू बोललं की ऐकू येत नाही असं का वाटतं ह्यांना?

तेव्हा मी तुझ्यावर रागावले, ताई. आयुष्यात पहिल्यांदा. मनातल्या मनात ओरडले, ये आणि बघ तुझी बाग! मग एकदम भ्याले, की तू खरंच तिला न्यायला आली असशील तर? लगेच म्हटलं, नको, येऊ नकोस, तिथेच थांब. आपल्या सख्ख्या बहिणीला मी दारातून हाकलत होते गं.

केतकी ऑफिसातून आली ती अनवाणीच. चप्पल कुठे राहिली तिलाही ठाऊक नव्हतं. जावई निखिल परदेशात, त्याचा फोन सारखा वाजत होता आणि तो उचलायचं धैर्य दोघींनाही होत नव्हतं. औषधानंतर ठोके थोडे सावरले. इराने डोळे उघडले आणि आईकडे बघून हसली. केतकीने तिच्या केसांतून हात फिरवत विचारलं, "का खाल्लंस गं, राणी? आजीने सांगितलं होतं ना, ते आपलं नाही?"

इरा अगदी सहज म्हणाली, "तू म्हणालीस ना, आजी महादेवबाप्पाकडे राहायला गेली? मला सुट्टीत तिच्याकडे जायचंय. तिथे हाच खाऊ असतो. मला सवय करायची होती."

ते मशीन तेवढं टुक टुक करत होतं. केतकी उठून बाहेर गेली आणि भिंतीवर डोकं टेकून उभी राहिली. "मी काय सांगायला हवं होतं, मावशी?" ती विचारत राहिली. तुला तरी ह्याचं उत्तर आलं असतं का? अर्थ आपण चिकटवतो, हे खरं. पण एवढ्याशा जिवाला तो चिकटला की काढता येत नाही, हे तू का नाही सांगितलंस?

इरा वाचली. पुढचे काही दिवस त्यांनी तिला तिथेच ठेवून घेतलं, ती रेघ एका लयीत चालायला लागली, आणि मग घरी सोडलं. डॉक्टर म्हणाली, "बी तुम्ही घेऊन आलात, म्हणून आम्हाला शोधत बसावं लागलं नाही." ती ओळख तुझीच. हेही तुला सांगायला हवं.

नंतर सोसायटीची मीटिंग झाली. सेक्रेटरी साने म्हणाले, "बाईंनी जाताना आम्हाला आठवण म्हणून विष ठेवलंय. सगळी पट्टी उखडून फरशी टाकू. गाड्याही लागतील." मीटिंगमध्ये मी कधी तोंड उघडलंय का? त्या दिवशी उठले. "बिट्टी मी काढते. बाकीच्या झाडांना हात लावायचा नाही. आणि साने, फरशीवरून घसरून माणसं मेलेली मी पाहिली आहेत." ते खाली बसले.

बिट्टी तोडली तेव्हा ती फुलांनी लगडली होती. माळ्याला हातमोजे घालायला लावले, तिचा चीकही वाईट. फांद्या जाळू दिल्या नाहीत, खोल पुरायला लावल्या. मग वाकून वाकून मातीतली प्रत्येक बी मी वेचलं. तरी अजून काळा खडा दिसला की वाकते. उचलून बघते, खडाच असतो.

येत्या रविवारी केतकी इराला घेऊन येणार आहे. इरा तुझ्याबद्दल विचारणार, नक्की विचारणार. केतकी म्हणाली, "मला नाही जमायचं, मावशी. तू सांग." आणि मला त्या रविवारची बिट्टीपेक्षा जास्त भीती वाटतेय. कारण सगळ्यांना मी "ताई गेली" एवढंच सांगत आलेय. गेली म्हटलं की इरा विचारणार, कुठे? वारली म्हटलं तर तिला कळणार नाही. आणि तो तिसरा शब्द मी काल आरशासमोर उभी राहून म्हणून पाहिला. निम्म्यावरच सोडून दिला.

इथे लिहून बघते. ताई, तू मेलीस.

लिहिलं. आता हेच तोंडाने म्हणेन. इराला मांडीवर घेऊन सांगेन, की तुझी आजी मेली, ती कुणाकडे राहायला गेलेली नाही, तिच्याकडे जाता येत नाही, सुट्टीतही नाही. ती रडली तर गोष्ट सांगून गप्प करणार नाही, तिच्याबरोबर रडेन. हे माझं तुला वचन.

तुझी,
मंदा