भिंतीवरचा हरियाल

३ जुलै २०२४

सर, इतकी वर्षं लिहिलं नाही याची माफी मागते. तेवढ्याचीच. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तेरवीचं जेवले, शोकसभेत तुमच्या शिस्तीवर चार वाक्यं बोलले आणि घरी येऊन डायरीत एक ओळही लिहिली नाही. तुमच्याबद्दल वाईट लिहायचं, तर आधी माझ्याबद्दल लिहावं लागलं असतं.

अठरा वर्षांपूर्वीच्या त्या हिवाळ्यात कापसाचं सगळंच बिघडलं होतं आणि आपल्या भागात पाहणीला रोज कुठली तरी सरकारी गाडी धूळ उडवत यायची. त्यातले एक साहेब शाळेतही डोकावणार म्हणून तुम्ही दोन दिवसांत भिंत रंगवून घेतली. राज्याची मानचिन्हं: आंबा, ताम्हणाचं फूल, शेकरू, हरियाल. आर्णीच्या पेंटरनं हरियाल कधी पाहिला नव्हता. त्यानं लाल चोचीचा राघू काढला आणि खाली सुबक अक्षरात हरियाल लिहिलं. मी म्हणाले, सर, हरियाल कबुतरासारखा असतो. सुपारी-तंबाखूचा खर्रा गालात सरकवत तुम्ही म्हणालात, "मॅडम, हिरवा हाय ना? मंग झालं. सायेब काय पाखरं पाहाले येऊन राह्यले?"

चौथीतली ती मुलगी बंजारा तांड्यावरची. कापूस वेचणीच्या दिवसांत आठवड्यातून दोनदा यायची, बोटं बोंडांनी ओरखडलेली. वर्गात मी पुस्तकातलं हरियालाचं चित्र दाखवलं तेव्हा ती एकटीच उठली होती. "बाई, हे त आमच्या उंबरावर येते. थव्यानं. पाय पाहा त्याचे, हळद लावल्यावानी." नोकरी लागल्यापासून आपण काही शिकवतोय असं मला त्या सकाळी पहिल्यांदा वाटलं.

साहेबांनी नेमकं तिलाच विचारलं. भिंतीकडे बोट करून, "हा कोण गं?"

"राघू."

पोरं हसली. "आणि खाली काय लिहिलंय?"

"लिवलं हरियाल, पण हाय राघू. आमच्या बाईले इचारा."

साहेब हसत माझ्याकडे वळले. तुम्हीही पाहिलंत. शिक्षणसेवक म्हणून माझं तिसरं वर्ष, कायम होण्याचा शेरा तुमच्या हातात. मी म्हणाले, "ती नियमित येत नाही, साहेब. भिंतीवरचं बरोबर आहे."

गाडी गेल्यावर तुम्ही सागाची पट्टी काढली. "सायबासमोर शाळेची इज्जत घालवतं? तांड्यावरून येऊन आमाले शिकवतं?" चार पट्ट्या, त्याच बोटांवर. ती रडली नाही. तुमच्याकडे तिनं पाहिलंही नाही, माझ्याकडे बघत राहिली. त्यानंतर ती शाळेत आली नाही. वेचणीले गेली असन, म्हणालात, आणि हजेरीपट मिटलात. मार्चमध्ये मला चांगला शेरा दिलात आणि शाईचं पेन दिलंत. ते अजून चालतं, हे त्यानंच लिहिते आहे. सर, तुम्ही भित्रे होतात. लेकरावर सहज उठणारा तुमचा हात साहेबांची गाडी दिसली की जोडला जायचा. गाव याला शिस्त म्हणायचं. मीही शोकसभेत तेच म्हणाले.

आज पहिलीचे प्रवेश होते. मुख्याध्यापकाच्या तुमच्या खुर्चीत आता मी बसते. दारात एक बाई सहा वर्षांच्या लेकीचं बोट धरून उभी. मी ओळखलं नाही, तिनंच ओळख दिली. मग भिंतीकडे पाहून मोठ्यानं हसली. "बाई, हा राघू अजून उडालाच नाही काय?"

मी म्हणाले, परीक्षेत चित्र येत नाही, नुसतं नाव विचारतात.

तिचं हसू थांबलं. "मंग पोरीले कोणतं सांगू? घरचं, का भिंतीवरचं?"

मी अर्ज पुढे सरकवला आणि सही कुठे करायची ते दाखवलं. तिनं चौथीतल्याच अक्षरात, सावकाश सही केली.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहिता येते आहे. तुम्ही गेल्यावर ती भिंत दोनदा रंगली. तेव्हा साहेब येणार नव्हते, माझा शेरा कुणाच्या हातात नव्हता. दोन्ही वेळा पेंटरला मीच म्हणाले, जुन्या रेषांवरूनच मार.

उद्या: परिपाठात, भिंतीपुढे उभं राहून सांगणे. घरचं बरोबर.