ह्यांना हयात धरून केलेली व्यवस्था

मी खाली सही करणारी, मोठ्या इस्पितळातून निवृत्त झालेली आया, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि हसतमुखाने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय, तो कागद सोबत जोडला आहे. माझी शाळा लवकर सुटली, म्हणून वकिलांनी मजकूर सांगितला आणि मी तो माझ्या हाताने उतरवला. मधेमधे माझं थोडं घातलंय. वकील म्हणाले, "आजी, एवढं नको." मी म्हटलं, "मरणार मी, मग बोलणार कोण? तुम्ही?"

कलम एक. राहतं घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचा जिना. माझ्या पगारातून घेतलेलं, माझ्या एकटीच्या नावावर. माझ्या पश्चात माझे पती हयात असेपर्यंत त्यांनी त्यात राहावं आणि त्यांच्यानंतर ते नातीचं व्हावं. मुलगी-जावई परगावी असतात, नात आमच्याकडेच वाढली.

ही ओळ लिहायला फार वेळ गेला. वकिलांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "पती?" माझ्या तोंडून सरळ निघालं, "वारले." हे, म्हणजे माझे पती, आतल्या खोलीत पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

वकील दाराकडे बघत राहिले. "मग आत कोण आहे?"

"हेच की."

वकिलांनी पेनाला टोपण लावलं. "आजी, मेलेल्या माणसाला घर देता येत नाही. आधी काय ते ठरवा."

त्याचं असं झालं. आमच्या इस्पितळात शिकाऊ डॉक्टरांना वाईट बातमी कशी सांगायची ते शिकवतात. त्यासाठी खोटा नातेवाईक लागतो. शिकवणाऱ्या मॅडमनी मला फरशी पुसताना पाहिलं आणि म्हणाल्या, "मावशी, काय चेहरा आहे तुमचा! वाया चाललाय." मग काय, मी खुर्चीवर बसायचं, समोर एखादा कोवळा डॉक्टर घसा खाकरून सांगणार की तुमचे पती गेले, आणि मी रडायचं. मॅडम त्याला मार्क देणार. काय मजा यायची म्हणून सांगू! मी मोठ्याने रडले, बिनआवाजाचं रडले, एकदा तर नुसतं "त्यांचा चष्मा कुठाय?" एवढंच विचारलं, तर तो डॉक्टरच ढसाढसा रडायला लागला. नोकरी संपेपर्यंत मी तेच केलं. वाटायचं, खुर्चीवरून उठलं की संपलं.

पण खुर्ची संपली हे अंगाला कुठे कळतं? घरी येऊन दारात ह्यांच्या चपला दिसल्या की पदर डोळ्यांना जायचा. एक दिवस चपला माळ्यावर टाकल्या. शर्ट इस्त्री करून देऊन टाकले. हे म्हणाले, "अगं, माझा निळा शर्ट?" मी म्हटलं, "माणूस गेला, आता शर्ट ठेवून काय करायचं?" आधी हे पोट धरून हसले. मग भांडले. टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "हा काय मी! हात लावून बघ!" मी लावला. हात गरम नव्हता आणि गारही नव्हता.

पुढे भांडण बंद झालं. हे दिवा न लावता बसायला लागले. चालले तरी पाऊल वाजेना. दूधवाला ह्यांना ओलांडून पिशवी माझ्या हातात द्यायचा. नातीने शाळेच्या निबंधात लिहिलं, 'मला आजोबा नाहीत.' शुद्धलेखन ह्यांनीच तपासून दिलं.

कलम दोन. शिवणयंत्र नातीला. त्याचा पट्टा जाऊबाईंनी उसना नेलाय, तो तिने मागून आणावा आणि आणताना लाजू नये.

कलम तीन. इस्पितळातल्या प्लास्टर घालायच्या खोलीतला मदतनीस मला 'नाटकी' म्हणायचा. माझे रडायचे सगळे रुमाल त्याला द्यावेत. न धुता.

आता तो डॉक्टरांचा कागद. तपासायला आले ते माझ्यावरच शिकून गेलेले निघाले. तपासून झालं, तशी त्यांनी खुर्ची ओढली, पुढे झुकले, माझ्या हातावर हात ठेवला. "आजी, तुम्हाला एक सांगायचंय." झालं, मी हुंदका दिला. ते दचकले. "अहो, रक्तदाब वाढलाय, एवढंच!" दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. ते गेल्यावर आत पाहते तर हे पलंगावर ताठ आडवे, चादर तोंडावरून ओढलेली.

"उठा, गेले ते," मी म्हटलं.

चादरीखालून आवाज आला, "सांगून झालं का तुला?"

तेव्हा मला उपाय सुचला. ह्यांना कुणी कधी काही सांगितलंच नव्हतं! जिवंत व्हायचं तर कुणाच्या तरी मागे राहिलेलं माणूस व्हायला हवं. मी ह्यांना माझ्या खुर्चीवर बसवलं, समोर बसले, पुढे झुकले. म्हटलं, "मनाची तयारी करा. तुमची बायको वारली."

ह्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग विचारलं, "त्रास झाला का हो तिला?"

"नाही. हसत गेली."

आणि रडले. इतकं सुरेख की मी पैकीच्या पैकी दिले असते. मग उठले, दिवा लावला, खिडक्या उघडल्या, खाली जाऊन दाढी करून आले. न्हावी गप्पा मारत बसला म्हणे! आता आंघोळ करताना गातात. दूधवाला ह्यांना हाक मारतो.

काल वकील आले. "पती?" म्हणताच हे स्वतःच बाहेर आले. "मी आहे ना." वकिलांनी कलम एक पक्कं केलं आणि ह्यांना म्हणाले, "आजींना बोलवा, सही हवी."

"ती गेली हो," हे म्हणाले. "तुम्ही बसा ना." आणि वकिलांसाठी खुर्ची पुढे ओढली. तिच्यात मी बसले होते.

वकील पांढरेफटक पडले. मी म्हटलं, "घाबरू नका, घर ह्यांना मिळालं ना? झालं तर." मी मजेत आहे. दाराशी गेले की खोकते, म्हणजे कुणाचा धक्का लागत नाही.

कलम चार, शेवटचं, आणि हे नातीने नीट वाचावं. मी खरोखरची जाईन तेव्हा ह्यांना पुन्हा सांगायला जाऊ नये. त्यांचं रडून झालेलं आहे.

हे मी लिहिलं, मला वाचून दाखवलं, ते बरोबर आहे.

सही: नातीची आजी

साक्षीदार पहिली: समोरची शिंपीण. (आजींना सही करताना मी पाहिलं. दोनदा डोळे चोळून पाहिलं.)

साक्षीदार दुसरा: कोपऱ्यावरचा औषधवाला.

ठिकाण: राहतं घर, स्वयंपाकघराचा ओटा. खुर्चीवर हे बसले आहेत.

तारीख: वकील घालतील ती.