काठाला धरणारं गवत

१७ सप्टें. ४४
पुण्याहून सरांनी गठ्ठा परत पाठवला. वाळवलेल्या गवताचे नऊच्या नऊ कागद. वर चिठ्ठी, मुंगीच्या अक्षरात: "दोन्ही एकच जात, ऑप्लिस्मेनस. फरक सावलीमुळे. पिकलेली कणसं गळालेली, उरली ती कोवळी. यावरून काही सिद्ध होत नाही." खाली आणखी एक ओळ: "शांताबाईंनी गवतांऐवजी फुलझाडं गोळा केली तर उपयोग अधिक."

फुलझाडं गोळा करणार नाही.

दोन वर्षं त्यांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसले. बाबा गेले, कॉलेज सुटलं, मिशनच्या शाळेवर इकडे अकोले तालुक्याच्या डोंगरात आले. म्हणून काही डोळे पुण्यात ठेवून आले नाही.

१८ सप्टें.
राग उतरल्यावर नीट लिहून काढते.

दोन्ही सरपटणारी. दोन्हींच्या पेरापेराला मुळं, दोन्हींची पानं चुणीदार. एक पायवाटेच्या कडेला कुठंही: कुसळ बारीक, भिंगाखाली खरखरीत, हाताला कोरडं. दुसरं फक्त वरच्या घळीत, दाट झाडीखाली: कुसळ जाड, गुळगुळीत, आणि पिकलं की चिकट. बोटाला लागलं तर दुसऱ्या बोटानं काढावं, मग त्याला लागतं.

यापुढे कोरड्याला को. आणि चिकटाला चि. एवढंच लिहीन.

सर नगर जिल्ह्यातल्या गवतांची यादी करताहेत. पुढच्या वर्षीच्या नाताळानंतर छापायला जाईल. तिच्यात यांना एक ओळ मिळणार की दोन, एवढाच प्रश्न. जगाला काही फरक पडत नाही. मला पडतो.

१ ऑक्टो. रविवार
प्रार्थनेहून आले तर आई चूल पेटवत होती. फुंकणी बाजूला, हातात माझा जुना पेपर, गवत दाबून वाळवायचा. म्हणाली, "हा कागद काय गं, बोटं सोडत नाही."

पाहिलं. पेपरभर चि.ची कणसं. रांगेनं चिकटलेली, जशी होती तशी.

शिकवलंय तसं रोज कागद बदलत होते. गवत नव्या कागदात, जुना चुलीपाशी. आणि पिकलेलं प्रत्येक कणीस जुन्या कागदाला धरून बसत होतं. सरांना बोडके दांडे पाठवले आणि पुरावा महिनाभर चुलीत घातला. त्यावर भाकऱ्या झाल्या, त्या मीच खाल्ल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग भाकरी चांगली फुगत होती ती त्यामुळं." मला हसू आलं नाही. मग आलं.

८ ऑक्टो.
ठकूबाईबरोबर घळीत. ठकूबाई वरच्या कोळीवाड्यातली, आम्हाला सरपण आणून देते. पन्नाशी असेल, पण चढ चढताना बोलत राहते आणि दम माझा जातो.

विचारलं, या गवताला काय म्हणता?
"ह्याला कशाला नाव ठिवायचं? लुगड्याला धरतं ते."
आणि ते वाटेवरचं?
"ते न्हाई धरत. ते येगळं."

सरांना जे वर्षभर पटवतेय ते ठकूबाईनं चालता चालता सांगितलं.

परत आल्यावर ती दारात शिरली नाही. मागं धुण्याच्या दगडापाशी गेली, काठ दगडावर पसरला आणि विळ्याच्या पाठीनं खरवडून काढला. नेहमी तिथंच करते, मी आज पाहिलं. "रानाचं घरात नेऊ न्हाई, बाई. तिथनं बियाण्यात जातं. मंग भाताच्या रोपात निंदून निंदून कंबार मोडती." मलाही करायला लावलं. माझ्या पातळाच्या काठाला वीतभर जागेत मोजून एकेचाळीस कणसं होती. एकही गळालं नव्हतं.

खरवडलं सगळं. नंतर लक्षात आलं की खरवडायला नको होतं.

१५ ऑक्टो.
पुन्हा घळीत गेले. या वेळी मुद्दाम चांगलं पातळ नेसून, निळ्या काठाचं. दोनदा आरपार चालले. ठकूबाई दगडावर बसून पाहत होती, तिला वाटलं बाईंचं काहीतरी हरवलंय.

घरी येऊन कात्री घेतली आणि काठाचा हातभर तुकडा कापला.

आईनं उरलेला काठ उलटसुलट करून पाहिला. मग बोलली. कापड कंट्रोलमध्ये, वर्षाला एक पातळ मिळायची मारामार, आणि पोरीनं नवं कापलं, तेही गवतासाठी. "तुझ्या बाबांनी शिकवलं ते ह्याच्यासाठी का?" कात्री माझ्या हातातून घेऊन तिच्या ट्रंकेत ठेवली आणि कुलूप लावलं.

मला वाईट वाटलं. तुकडा तरीही पुठ्ठ्यावर ताणून शिवला, खाली तारीख, जागा, उंचीचा अंदाज. शेजारी को.ची पिकलेली कणसं पाकिटात. ती कशालाच धरत नाहीत. उद्या राजूरला टपालात.

९ नोव्हें.
सरांचं उत्तर. 

"कापड पोचलं. संग्रहात कापड ठेवण्याची पद्धत नाही, तरी ठेवलं आहे. चिकटपणा खरा. परंतु सावली व ओल यांनी तो येत नसेल कशावरून? दोन्ही एका जागी, एका उन्हात वाढवून दाखवा. तोवर यादीत एकच ओळ."

सर म्हणजे पालथा घडा, असं रात्रीपर्यंत म्हणत होते. पण खरं सांगायचं तर प्रश्न बरोबर आहे. मीच विचारायला हवा होता.

ठीक. वाढवून दाखवते.

१९ नोव्हें.
मुळं असलेली पेरं आणायला घळीत गेले. घळ नाही.

म्हणजे जागा आहे, झाडं नाहीत. ठेकेदाराची माणसं दहा दिवस तोडताहेत. पेट्रोल नाही, मोटारी कोळशावर चालतात, तो कोळसा इथून जाणार. ओढ्याच्या काठानं चार भट्ट्या रचलेल्या, मातीनं लिंपलेल्या, धूर वर न जाता खालीच बसलेला. जिथं चि. होतं नेमकी तिथं एक.

मुकादमाला म्हटलं, गवत हवं होतं. तो म्हणाला, "गवात? बाई, भारा पायजे का पेंडी?" भल्या माणसानं दोन गडी द्यायची तयारी दाखवली. त्याला काय सांगणार.

भट्टीच्या मागच्या अंगाला खडकाच्या कपारीत तीन तुकडे मिळाले. पिवळे, पण पेराला मुळं जिवंत. ओल्या फडक्यात आणले. 

३ डिसें.
आणखी दोन घळी पाहिल्या. को. भरपूर. चि. नाही. ठकूबाई म्हणते, घाटाखाली कोकणच्या अंगाला असेल. असेल.

तीन कुंड्या पडवीत. आई आपणहून पाणी घालते. कापलेल्या काठाला तिनं जुन्या परकराची पट्टी लावून दिली, अगदी बारीक टाके. शाळेत तेच नेसते. मुली पाहतात.

११ मार्च ४५
पहिली कुंडी गेली.

२९ एप्रिल
तिसरीही. विहिरीला पाणी दोन घागरी, त्यातली अर्धी आई कुंडीत ओतायची, माझ्या नकळत. आज रिकामी कुंडी पालथी घालताना तीच रडली. मी म्हटलं, गवतच ते. ती म्हणाली, "उगी खोटं बोलू नको."

जूनमध्ये घाटाखाली जायचं. दोन दिवसांची वाट आहे. जायचं.

१७ जून
गेले आणि आले. जळवा मिळाल्या.

८ जुलै
हे सावकाश लिहायला हवं.

सकाळी ठकूबाई मागच्या दारी तण उपटत होती. पाऊस लागल्यापासून धुण्याच्या दगडाभोवती रान माजलंय. मी दात घासत उभी. तिच्या मुठीत एक लांबडी काडी, चुणीदार पानं, पेराला पांढरी मुळं.

"थांब."
"काय झालं? इच्चू हाय का?"

विंचू नव्हता. दगडाच्या दोन्ही अंगांना, सांडपाण्याच्या कडेनं, हातभर लांबीची पंधरा-वीस रोपं. वाटेवरचं को. आहे की काय म्हणून भिंग आणलं. पान रुंद, खोड जाड. चि.सारखं दिसतं. कणीस येईपर्यंत शपथ घेणार नाही.

पण आलं कुठून हे विचारायला नको. ती दोन पावसाळे तिथंच काठ खरवडतेय. ठकूबाईला सांगितलं तर ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "म्हंजी मीच पेरलं की. आन मीच उपटत हुते."

त्या दगडावर सकाळी नऊपासून चारपर्यंत ऊन. सावली असलीच तर वाळत घातलेल्या धुण्याची. सरांना हवी होती ती जागा ही, आणि मी घाटाखाली जळवांना रक्त देऊन आले.

९ जुलै
वाटेवरून को. आणून शेजारी लावलं. एक हात अंतर. तीच माती, तेच पाणी, तेच ऊन. चारी बाजूंनी काटक्या. आईला सांगितलं, धुणं दुसरीकडे. "आता मी धुणंसुद्धा विचारून धुवायचं," म्हणाली, आणि बादली उचलून नेली.

१९ ऑग.
लढाई संपली म्हणून या आठवड्यात शाळेला सुट्टी मिळाली. आज दुपारी कुणाचीतरी शेळी काटक्या मोडून आत. दोन्ही गवतं खाल्ली, पक्षपात केला नाही.

आई म्हणाली, संपलं. मी म्हटलं, संपत नाही. प्रत्येक पेराला मुळं आहेत, तुटलं तिथून निघेल. हे पुस्तकातलं वाक्य, पण आज म्हणताना दातओठ खाऊन म्हटलं.

२ सप्टें.
निघालं. दोन्ही.

२३ सप्टें.
सरांचं कार्ड. छापखान्याला कागद मिळाला. यादी नाताळापर्यंत थांबणार नाही, ऑक्टोबरअखेर जाणार. "आपल्या गवताचे काय झाले?"

आपल्या म्हणाले.

को.ला कणसं दिसू लागली. चि. अजून नुसतं पसरतंय.

७ ऑक्टो.
चि.ची कणसं बाहेर. कोवळी, हिरवी. कुसळ गुळगुळीत, पण कोवळेपणी सर ते मानणार नाहीत, आणि मीही मानणार नाही. चिकट नाही. रोज सकाळ-संध्याकाळ बोट लावून पाहते. ठकूबाई म्हणते, "सारकं हात लावून पिकत न्हाई, बाई. आंबा हाय का त्यो?"

१४ ऑक्टो.
को. पूर्ण पिकलं. कोरडं, ठरल्याप्रमाणे. चि. तपकिरी होतंय. चिकट नाही.

आज पहिल्यांदा वाटलं, सरांचं खरं असलं तर? सावलीतलं बी उन्हात येऊन निमूट कोरडं झालं असलं तर? तर तसं लिहीन. एक ओळ म्हणजे एक ओळ. पण ते मी लिहीन, बघून लिहीन.

२१ ऑक्टो. रविवार
महिनाअखेरीआधी पोचायचं तर गठ्ठा उद्या निघायलाच हवा. पुठ्ठा, दोरा, पत्ता तयार. दोन पत्रं लिहून ठेवली: एक 'एक जात' म्हणणारं, एक 'दोन'. कुठलं जाणार ते ठरायचं आहे.

सकाळी निळ्या काठाचं नेसून मागच्या दारी निघाले तर आई आडवी आली. "ते पुन्हा नको. अर्धं परकराचंच राहिलंय." आत गेली, ट्रंक उघडली आणि तिचं लुगडं नेसून आली. नेवाशाला मावशीच्या लग्नात घेतलेलं, नाताळशिवाय बाहेर न निघणारं. मी नको म्हटलं. तिनं ऐकल्याचं दाखवलं नाही.

म्हणाली, तू बघत उभी राहू नको, तुझ्या बघण्यानं मला चालता येत नाही. म्हणून इथं खिडकीशी बसून लिहितेय. अर्धी दिसते. आधी को.तून गेली, काठ उचलून पाहिला, सोडला. आता दगडाच्या पलीकडून येतेय, सावकाश, प्रार्थनेला चालल्यासारखी. थांबली. वाकली. काठ हातात घेतला आहे, तोंड माझ्याकडे नाही.

हाक मारली.

"शांते, कात्री आण गं."

कात्री तिच्याच ट्रंकेत आहे, आणि किल्ली तिच्या कमरेला.