सातांच्या हिशेबातले बारा

औरंगाबाद, बुधवार संध्याकाळ

शहागंजच्या हॉटेलात आज चहा कोमट मिळाला. मराठवाड्यावरच्या अन्यायांत याचीही नोंद व्हावी!

गणिताचे प्राध्यापक कादरी सांगत होते, "दहाऐवजी सातांचे गट करून संख्या लिहा. मग एकावर दोन, म्हणजे आपले बारा, विषम होतात."

"शेवटी दोन, आणि विषम? मियाँ, तीन बोटं घरी विसरलात काय?" मी म्हणालो. सगळे हसले. कादरी चहा अर्धा टाकून उठले.

घरी चिंचोके मांडले. सातांचा एक गट, वर दोन. म्हणजे नऊ. जोड्या लावल्या, एक उरला. पुन्हा लावल्या, मेला उरलाच! लाज वाटली. गणित कळलं नव्हतं, हशा कुठं मिळतो तेवढं कळत होतं.

तसाच हॉटेलात परतलो. मंडळी होतीच. टेबलावर चिंचोके मांडून म्हणालो, "कादरी बरोबर होते. गाढव मी."

पुन्हा हशा झाला, माझ्यावर. होऊ दिला.