ओट्यावरचा नळ आत घेऊ नये

मी, रत्नप्रभा राजाराम हिवराळे, वय बहात्तर, राहणार आम्रपाली चाळ, टेकडी, विक्रोळी पश्चिम, माझ्या मागे काय व्हावे ते लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला जोडला आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. उलट माझा मुलगा विशाल याने हे लिहू नकोस असेच सांगितले होते. मजकूर माझा, कायद्याची भाषा वकील क्षमा हिची. काही ठिकाणी ती म्हणाली, "मावशी, असलं मृत्युपत्रात लिहीत नाहीत." तिथे मी तिला लिहायला लावले आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझे पती राजाराम हयात नाहीत. मला दोन अपत्ये, मुलगी मीरा आणि मुलगा विशाल. राहत्या खोलीवरील माझे सर्व हक्क दोघांना निम्मे निम्मे मिळावेत. सगळी खोली आपल्यालाच मिळेल असे विशालने धरले होते, म्हणून कारण लिहिते. आम्ही जालन्याहून या टेकडीवर आलो तेव्हा इथे नळ नव्हता. मी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासायची. तिथला नळ दिवसभर चालू असे, आणि घरी प्यायला पाणी नसे. टेकडीच्या पायथ्याशी लवू परब ऊर्फ नाना याचा पंप होता. तो दुपारी पैसे घेऊन पाइपने पाणी सोडायचा, तेव्हा घरातले कोणीतरी रांगेत हवे. राजारामने मीराची शाळा सोडवली. मी भांडले, पण हरले. विशाल, तू हुशारीने शिकलास हे खरेच. पण तू शाळेत होतास तेव्हा रांगेत मीरा होती.

२. नानाविषयी. नळासाठी मी घरोघरी सह्या घेऊन महापालिकेत अर्ज दिला, तेव्हा भर मे महिन्यात त्याने आमचे पाणी तोडले आणि आम्हाला कोणी पाणी द्यायचे नाही असा गल्लीला दम भरला. राजाराम सायकलवर कॅन बांधून हायवेपलीकडून पाणी आणायचा. त्यात त्याची पाठ गेली ती कायमची. अशात रोज सकाळी आमच्या भिंतीमागे कोणीतरी भरलेली कळशी ठेवून जाऊ लागले. ती नानाची बायको शकु होती. नानाला कळले तेव्हा त्याने तिला गल्लीत सगळ्यांसमोर मारले. दुसऱ्या दिवशी शकु भर दुपारी कळशी कमरेवर घेऊन गल्लीतून चालत आली, ती आमच्या दारात ठेवली आणि मागे उभ्या नवऱ्याला म्हणाली, "ह्यां पाणी माझ्या वाट्याचां. कोणाक देवचां तां मी ठरवतलंय."

नाना घरात गेला. त्यानंतर पुढच्या अर्जावर आणखी काही बायकांनी सह्या केल्या.

३. पुढे कित्येक वर्षांनी पाच घरांत मिळून एक नळ मंजूर झाला, माझ्या नावावर. तोवर नानाचा पंप महापालिकेने उचलून नेला होता. बाकीच्या तिघांचे म्हणणे होते की पाचवे घर कोणतेही घ्या, नानाचे नको. माझा विशालही तेच म्हणाला. मी नानाकडे गेले. तो खाटेवर बसून होता. म्हणाला, "मला कशाला घेतेस?" मी म्हटले, "तुला नाही, शकुला घेतेय. तू तिच्या वाट्याचं पी." नाना वारला. मी त्याला माफ केलेले नाही, आणि मेल्यावर माणूस चांगला होतो असे मी मानत नाही. हे वाक्य काढू नये.

४. नळाविषयी. क्षमा म्हणते, नळ मृत्युपत्राने देता येत नाही, तो नुसता नावावर असतो. ठीक आहे. पण नळ दारापुढच्या ज्या ओट्यावर आहे तो माझ्या खोलीचा आहे. विशालला तो भिंत घालून आत घ्यायचा आहे, म्हणजे स्वयंपाकघर मोठे होईल. मग त्याचे दार बंद असले की चार घरांचे पाणी बंद. मी विचारले, तुझ्यात आणि नानात फरक काय. तो म्हणाला, "आई, नळ आपल्या नावावर आहे." नानाही पंपाविषयी हेच म्हणायचा. त्या दिवशी विशाल न जेवता गेला.

म्हणून अट घालते. ओट्याला भिंत, जाळी किंवा कुलूप लावले, तर विशालचा निम्मा हिस्सा मीराला जावा. ही अट कोर्टात टिकेलच असे नाही, असे क्षमाने सांगितले आहे. तरी राहू द्या. कोर्टात जायच्या आधी त्याला ती वाचावी तर लागेल.

५. पाणी ओढायला विशालने मोटर आणली होती. ती लावली की शेजारच्या नळाला हवा येते. ती कॉटखाली आहे. ती भंगारात द्यावी, कोणाला वापरायला देऊ नये.

६. पोस्टातली शिल्लक नात संघमित्रा हिच्या शिक्षणाला. ती शाळा बुडवून कोणतेही घरकाम करणार नाही.

७. माझ्या मृत्यूनंतरचा जलदान विधी साधा करावा. प्लास्टिकच्या बाटल्या वाटू नयेत. पायथ्याला, जिथून चढण सुरू होते, तिथे माठ ठेवावेत आणि उन्हाळाभर कोणीतरी ते भरावेत. कोण भरणार ते मीराने आणि विशालने मिळून ठरवावे. निदान त्यासाठी तरी बोलतील.

८. माझ्या सोन्याच्या कुड्या मी शकुला ठेवल्या होत्या. पण ती इथे साक्षीदार आहे, आणि साक्षीदारालाच काही मिळाले तर कोर्टात त्याच्या साक्षीवर शंका घेतात, असे क्षमाने सांगितले. तेव्हा मी दुसरा साक्षीदार बघायला निघाले. शकुने हात धरून मला बसवले. म्हणाली, "माका सोनां नको. माझां नाव लिव. उद्या विशाल कोर्टात गेलो, तर खरां सांगूक कोणतरी व्हया."

ती माझ्याहून आठ वर्षांनी लहान आहे. कुड्या मीराला द्याव्यात.

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम मीराने करावे. सगळे मला वाचून दाखवले, मी ऐकले, आणि दोघा साक्षीदारांच्या समोर सही केली. मग त्यांनी माझ्यासमोर केली.

स्थळ : विक्रोळी, मुंबई
दिनांक : १६ मार्च २०२५

(सही) रत्नप्रभा राजाराम हिवराळे

साक्षीदार :
१. (सही) डॉ. सुबोध कर्णिक, दवाखाना, विक्रोळी पश्चिम
२. (सही) शकुंतला लवू परब, आम्रपाली चाळ, टेकडी, विक्रोळी पश्चिम